वाऱ्याच्या तोंडावरची थाळी

वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उभं राहायची खोड मला अजून आहे. संध्याकाळी गच्चीवर गेले की हवा कोणत्या गालाला लागते ते आधी बघते, मग तिच्याकडे वळते, आणि उजवा हात आपोआप मागे जातो. सून म्हणते, आई, सर्दी होईल. होऊ दे. घनसावंगीच्या एका शाळेत मी वीसएक वर्षं खेळाची बाई होते. त्यातली बरीचशी वर्षं लोखंडी कडं बसवलेल्या एका लाकडी थाळीकडे मान वर करून बघण्यात गेली. सरकारनं त्याचा पगार दिला, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

मी मूळची वडीगोद्रीची. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा नोकरीवर रुजू झाले. जीपच्या मागच्या फळीवर बसून, मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी कुणाची तरी कोंबडी घेऊन पहिल्या दिवशी शाळेत पोचले. खेळाची बाई म्हणजे प्रार्थनेला शिट्टी वाजवायची, सव्वीस जानेवारीला कवायत घ्यायची आणि इतर बाया रजेवर गेल्या की त्यांचे वर्ग सांभाळायचे, अशी एकंदर समजूत होती. सामानाच्या खोलीत हवा गेलेला फुटबॉल होता, लेझमी होत्या. थाळी कुठं आहे म्हणून विचारलं तर हेडमास्तरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली सापडली. मी ती उचलली तेव्हा कागद खोलीभर झाले आणि हेडमास्तर माझ्याकडे असे बघत राहिले की मी त्यांची खुर्चीच नेतेय.

थाळीफेक म्हणजे काय ते इथं सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मुलींची थाळी किलोभराची. मधे जाड, काठाला पातळ, दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर. लोकांना वाटतं, दांडगा हात असला की झालं. दांडगा हात गोळाफेकीला लागतो. गोळा बिचारा ढकलाल तितका जातो आणि धपकन पडतो, हवेला त्याच्याशी देणंघेणं नसतं. थाळीचं तसं नाही. ती हातातून सुटताना तर्जनीवरून गिरकी घेऊन सुटते, आणि ती गिरकी आहे तोवर तिचा तोल जात नाही. तोल आहे तोवर ती पंखासारखी हवेवर टेकून जाते. खालून हवा तिला उचलून धरते. गिरकी कमी पडली की ती डुगडुगते, काठ वर उचलला जातो, आणि जी हवा तिला धरून होती तीच तिला अडवायला लागते. मग ती पोट दाखवून खाली येते. हे पोट दाखवणं मी इतक्या वेळा पाहिलंय की अजूनही कुणाच्या हातून ताट निसटलं तरी माझा जीव वरखाली होतो.

एकाच थाळीवर वीस पोरी शिकायच्या कशा? म्हणून मी सांगितलं, घरून जुन्या ताटल्या आणा, गिरकी तरी शिकू. पोरींनी जुन्या आणल्या नाहीत. चांगल्या आणल्या. आठवड्याच्या आत चार बाया डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या फाटकात उभ्या. त्यातली एक म्हणाली, बाई, पोरी ताटं चेपवून राह्यल्या, आता जावई आला तर त्याला जेवायला काय पत्रावळ वाढू? मी त्यांना आत बोलावलं, चहा पाजला आणि एकीच्या हातात ताटली देऊन म्हटलं, तुम्हीच फेकून बघा. तिनं लाजत लाजत फेकली. ताटली भिंगरीसारखी फिरत लिंबापर्यंत गेली आणि ती बाई तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ हसत राहिली. त्यानंतर तक्रार आली नाही. ताटल्या मात्र तिथून पुढं जुन्याच यायला लागल्या.

एकदा शाळेची थाळीच हरवली. शेजारच्या कपाशीत गेली ती गेलीच. पावसाळाभर आम्ही विटेवर भागवलं. दिवाळीनंतर गावातल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले तर कोपऱ्यात लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून आमची थाळी बसलेली. वेचणीला गेलेल्या बाईला सापडली होती, आणि तिला वाटलं, विहिरीच्या मोटारीचं काहीतरी निखळून पडलंय. मी ती परत मागितली तेव्हा तिनं फार जड मनानं दिली. पुढं वर्षभर त्या थाळीला मोहरीचा वास होता.

पण मला सांगायचंय ते द्वारकाचं.

द्वारका गावाबाहेरच्या वस्तीवरून यायची. अंगानं काडी, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. पहिल्या दिवशी थाळी तिच्या हातात दिली ती मी नुसती गंमत म्हणून. तिनं फेकली आणि थाळी फार लांब गेली नाही, पण गेली ती अशी सपाट, जमिनीला समांतर, डुगडुग नाही, काही नाही, आणि शेवटी जिथं पडायला हवी होती तिथं पडायची जणू विसरली. जराशी तरंगली, मग उतरली. मी स्वतः कॉलेजात असताना थाळी फेकायचे, स्पर्धेला जायचं होतं, घरून हो आलं नाही. त्या पोरीची थाळी तरंगताना मला ते सगळं एकदम आठवलं आणि मी शिट्टी वाजवायची सोडून तशीच उभी राहिले.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही तिघं मैदानावर असायचो. मी, द्वारका आणि गफूरचाचा. गफूरचाचा शाळेचे शिपाई. घंटा त्यांची, पाण्याची टाकी त्यांची आणि मैदानाची फक्कीसुद्धा त्यांची. चुन्याची पांढरी भुकटी चिमटीतून सोडत ते अशी सरळ रेघ मारायचे की दोरी लावून बघावं. घरी उर्दू बोलत, आमच्याशी इथली मराठी. घंटा देऊन घरी जायचे ते थांबायला लागले, आणि थाळी पडली की जाऊन ती उचलून आणायचे. कधी फेकली नाही त्यांनी परत. दोन्ही हातांत धरून चालत आणायचे, बाहीला पुसायचे आणि द्वारकाच्या हातात द्यायचे. म्हणायचे, बेटीची चीज आहे, फेकून कशी द्यायची.

आमचं वर्तुळ मैदानाच्या मध्यावर होतं, लोहाराकडून करून घेतलेलं लोखंडी कडं जमिनीत बसवून. मी द्वारकाला रोज मावळतीकडे तोंड करून फेकायला लावायचे, कारण संध्याकाळचा वारा तिकडून यायचा. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. वारा समोरून आला तर थाळीला अडवणार, आणि पाठीमागून आला तर ढकलणार, असं कुणालाही वाटेल. धावणाऱ्याचं तसंच असतं. थाळीचं उलटं आहे. समोरचा वारा तिच्या पोटाखाली शिरतो आणि तिला धरून ठेवतो. पतंग नाही का, वाऱ्याच्या तोंडावरच चढतो? वारा पाठीशी असला की थाळीला टेकायला हवाच उरत नाही, ती लवकर खाली येते. द्वारकासारख्या बारक्या पोरीचं तर सगळं समोरच्या वाऱ्यावर होतं. ताकद नव्हती तिच्यात. ती थाळी वाऱ्याच्या हवाली करायची आणि वारा ती पुढं न्यायचा.

सूर्य बुडत असायचा, कपाशीवरून वारा यायचा आणि थाळी काळी होऊन त्या तांबड्यात शिरायची. एक क्षण असा यायचा की ती पुढंही जात नाही आणि खालीही येत नाही, नुसती फिरत राहते. त्या क्षणी आम्ही तिघंही माना वर करून बघत असायचो. मला वाटतं, माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला वेळ तो, आणि तो मोजला तर फार थोडा भरेल.

द्वारकाचे वडील आसाराम. ज्वारी-कपाशीचे कष्टाळू शेतकरी, बोलणं कमी. पोरगी दहावीला आली होती. पुढं औरंगाबादला सरकारी खेळाचं वसतिगृह होतं, तिथं राहून शिकायची, खेळायची सोय होती. निवड चाचणी होती आणि वडिलांनी सोबत येऊन सही करायची होती. नाहीतर दहावीनंतर द्वारका घरी बसणार हे ठरलेलं, कारण तिला एकटीला जीपनं कॉलेजात पाठवायला घरी कुणी तयार नव्हतं. मी वस्तीवर गेले. आसाराम खळ्यावर उपणत होते. हातातलं सूप खाली न ठेवता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“जिल्ह्यात पहिली आली तर मी अडवणार न्हाई,” ते म्हणाले. “दुसरी-तिसरीचं मला सांगू नका, बाई.”

त्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा नेमक्या आमच्याच मैदानावर आल्या. मला रात्रभर आनंदानं झोप नाही. आमचं वर्तुळ, आमचा वारा. जालन्याची एक मुलगी गेल्या वर्षीची पहिली होती. दणकट पोरगी, थाळी आभाळात उंच फेकायची, ताकदीच्या जोरावर. पण समोरून वारा असला तर द्वारका तिला मागं टाकेल याची मला खात्री होती. आणि पावसाळा सरतानाचा तो वारा त्या दिवशी सकाळपासूनच मावळतीकडून येत होता, स्टेजवरचा झेंडा ताणून धरत होता.

मी मैदानावर पोचले आणि जागच्या जागी थांबले. थाळी जिथं पडायला हवी त्या दोन पांढऱ्या रेघा उगवतीकडे मारलेल्या. म्हणजे वारा पाठीशी. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं.

गफूरचाचा फक्कीची बादली घेऊन उभे होते. पापण्यांवर चुना, भुवयांवर चुना, आणि चेहऱ्यावर ईदच्या दिवशी असतो तसला आनंद. पहाटे येऊन त्यांनी सगळी आखणी फिरवली होती.

“तुम्ही रोज बेटीला अवघड बाजूनं फेकवता, हात तयार व्हावा म्हणून. मला काय समजत न्हाई का?” ते हळूच म्हणाले. “आज हवा पाठीशी दिली. कुनाला कळतंय, बाई.”

मी स्वभावानं तापट. शाळेत माझी शिट्टी ऐकून वर्ग गप्प व्हायचे. त्या दिवशी शिट्टी मुठीतच धरून ठेवली. त्या माणसाला काय सांगणार होते मी? इतकी वर्षं रोज संध्याकाळी समोर उभं राहून त्यांनी हेच बघितलं होतं की एक बारकी पोर वाऱ्याशी झगडते. तिचं भलं करायची एक संधी त्यांना मिळाली होती आणि ती त्यांनी चुना पापण्यांवर घेऊन साधली होती.

मी तडक मुख्य पंचांकडे गेले. ते म्हणाले, आता काही होणार नाही, मावळतीच्या बाजूला खो-खोचे खांब रोवून सामने सुरू झालेत. आणि वारा काय, सगळ्यांना सारखाच. हे त्यांचं बरोबरच होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. वारा सारखा होता, पण पोरी सारख्या नव्हत्या.

द्वारका शाळेच्या पायरीवर बसून बूट बांधत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, बाई, वारं उलटं हाय. मी म्हटलं, हो. कुणी आखलं, तिनं विचारलं. मी सांगितलं, चाचांनी, तुझ्यासाठी. तिनं मैदानाकडे पाहिलं. चाचांनी लांबून बादलीसकट हात उंचावला. तिनंही उंचावला आणि पुन्हा बुटाची नाडी घट्ट करायला खाली वाकली.

मी तिला सांगितलं, आज उंच टाक. पण हाताला लागलेली सवय एका सकाळीत कुठं मोडते? पहिली थाळी तिच्या सवयीनं सपाट गेली आणि थकल्यासारखी लवकर उतरली. दुसरीला उंच टाकायच्या नादात पाय कड्याबाहेर पडला, फाउल. तिसरी बरी गेली. बाकी सगळ्यांना मागं टाकून गेली, पण जालन्याच्या मुलीच्या खुणेपर्यंत पोचली नाही. हातभर कमी. पंचांनी टेप ताणली, आकडा ओरडून सांगितला, आणि कुंपणापाशी सायकल धरून उभ्या असलेल्या आसारामांनी तो ऐकला.

गफूरचाचा धावत आले. त्यांना फार आनंद झाला होता. पूर्ण जिल्ह्यात दुसरी, म्हणत होते, हवेनं साथ दिली. द्वारका त्यांच्याकडे बघून हसली. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन तोंड धुतलं, आणि बराच वेळ धूत राहिले.

बक्षिसं झाली, भाषणं झाली, जीपगाड्या भरून पाहुणे गेले. मैदान रिकामं झालं तेव्हा दिवस कलला होता. आसाराम अजून कुंपणापाशीच होते, पोरीला घेऊन जायला थांबलेले. द्वारका एकटीच वर्तुळात गेली. मी बोलावलं नाही, सांगितलं नाही. तिनं थाळी उचलली, सकाळच्या रेघांकडे पाठ केली आणि मावळतीकडे तोंड करून उभी राहिली.

थाळी हातातून सुटली तेव्हाच मला कळलं. खालून जाणारी, सपाट, जराही न डुगडुगणारी. कपाशीवरून येणारा वारा तिच्या पोटाखाली शिरला आणि ती उचलली गेली. खो-खोचा अलीकडचा खांब मागे पडला. मग तो क्षण आला. ती तांबड्यात काळी होऊन फिरत राहिली, आणि मला वाटलं आज ती उतरणारच नाही, अशीच कपाशीवरून निघून जाईल आणि आम्ही बघत राहू. पलीकडच्या खांबापाशी ती टेकली.

आसारामांनी सायकल कुंपणाला लावली. ते आधी सकाळच्या बाजूला गेले. जालन्याच्या मुलीच्या खुणेची खुंटी अजून तिथं होती. शेतकरी बांध मोजतो तशी पावलं टाकत ते वर्तुळापासून खुंटीपर्यंत गेले, परत आले, आणि तसेच पुढं थाळीपर्यंत चालत गेले. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही. थाळी दोन्ही हातांत धरून ते परत आले.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. गफूरचाचा टाकीपाशी उभे होते. हातातली बादली कधी खाली ठेवली त्यांनाही माहीत नसावं. थाळी उडताना त्यांनीही पाहिली होती. ते हळूहळू वर्तुळाकडे आले.

“बाई, ही तर हवेच्या तोंडावर गेली,” ते म्हणाले. सकाळच्या रेघांकडे वळले. “मंग सकाळी मी...”

माझ्या आधी द्वारकाच बोलली.

“चाचा, वारं फिरलंय. सकाळचं वारं न्हाई हे.”

चाचांनी स्टेजकडे पाहिलं. झेंडा सकाळपासून जसा होता तसाच, उगवतीकडे ताणलेला. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, द्वारकाकडे पाहिलं आणि मग आसारामांकडे पाहिलं. आसाराम म्हणजे जन्मभर खळ्यावर सूप उंच धरून वाऱ्याची वाट बघणारा माणूस. वारा कुठून येतो हे त्यांच्या कातडीला कळत होतं. त्यांनी थाळी छातीशी धरली होती. त्यांनीही झेंड्याकडे पाहिलं, सावकाश, नीट.

“फिरलं खरं,” आसाराम म्हणाले. “दुपारीच फिरलं.” मग त्यांनी थाळी पोरीच्या हातात दिली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “औरंगाबादची गाडी सकाळी कितीला हाय, बाई?”

मला रडू आलं. आवरलं नाही आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही.

द्वारकाची निवड झाली. वसतिगृहात राहून शिकली, पुढं तीही खेळाची बाई झाली, लांबच्या जिल्ह्यात. तिच्या थाळ्या माझ्यापेक्षा पुष्कळ आहेत आणि तिच्याकडे कुणी लोणच्यावर ठेवत नाही म्हणते. गावी आली की ती मला भेटायच्या आधी चाचांकडे जायची. आता चाचा राहिले नाहीत.

त्या दिवसाबद्दल आम्ही चौघं पुन्हा कधी बोललो नाही. पण त्यानंतर नोकरी संपेपर्यंत चाचांनी मैदान आखायची एक पद्धत धरली. वर्तुळापाशी यायचे, बादलीतून चिमूटभर फक्की घ्यायचे, हात खांद्याएवढा वर धरायचे आणि सोडायचे. भुकटी जिकडं जाईल ते बघायचे, तिच्याकडे पाठ करायचे, आणि मगच पहिली रेघ ओढायला वाकायचे. नवीन आलेल्या एका शिक्षकानं एकदा विचारलं, हे काय करता, चाचा.

“हवेचा भरोसा न्हाई, सर,” चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. “फिरती असते.”